तारापूरची वीज: गिऱ्हाईक म्हणून माझा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

साडेतीन स्टार देतोय. दीड का कापला ते सांगतोच, पण आधी माल काय आहे ते बघू.

बोईसर स्टेशनला उतरून रिक्षा केली की तारापूरचं अणुवीज केंद्र, मुंबईपासून साधारण शंभर किलोमीटर. देशातलं पहिलं. पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन, जनरल इलेक्ट्रिकच्या, 1969 ला चालू झाल्या. पुढच्या दोन 540 मेगावॅटच्या, 2005 आणि 2006 ला आल्या आणि त्या आपल्या लोकांनी बांधलेल्या. सगळं चालू असलं तर कागदावर 1400 मेगावॅट. आता मे महिन्यात एकट्या मुंबईला चार हजारांच्या वर लागतात, आणि तारापूरची वीज काय फक्त आपल्यासाठी नाही, ती पश्चिम ग्रिडमध्ये, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या सामायिक वीजजाळ्यात जाते, गुजरातचाही वाटा असतो, तिकडून काक्रापारच्या अणुकेंद्राची थोडी आपल्याकडे येते. त्यामुळे माझा एसी अणूवर चालतो असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

चांगलं काय तर ही वीज रात्री पण येते. रात्री अकरा वाजता अख्ख्या बिल्डिंगचे एसी घुमत असतात तेव्हा सोलारचा काही उपयोग नसतो, बॅटऱ्या एवढ्या मोठ्या अजून कुठे आहेत. धूर नाही, राखेचे ढीग नाहीत, हे माहुल-चेंबूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. आणि जुन्या दोन भट्ट्यांचा खर्च कधीच वसूल झालेला, म्हणून त्यांची वीज वर्षानुवर्षं देशातल्या स्वस्तातल्या विजेत धरली जायची. भीती वाटते म्हणणाऱ्या मुंबईकरांना एकच सांगतो, मुंबईतच ट्रॉम्बेला 1956 पासून अणुभट्ट्या आहेत, संशोधनाच्या का होईना, आणि अणुशक्तीनगरमधली पोरं बाजूलाच क्रिकेट खेळून मोठी झाली.

आता स्टार कापायचं कारण. जुन्या दोन भट्ट्या 2020 पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवाव्या लागल्या, पन्नाशी ओलांडलेलं मशीन म्हटल्यावर हे होणारच, त्याचा अर्धा.

उरलेला एक माझ्या आत्याच्या नावाने. ती चिंचणीला राहते, म्हणजे केंद्राच्या 16 किलोमीटरच्या इमर्जन्सी झोनच्या आत. पावसाळ्यात तिच्याकडे लाईट जाते ती जाते, कधी कधी दुसऱ्या दिवशी येते. फोनवर म्हणते, "अरे भट्टी आमच्या दारात नि पंखा तुमच्या डोक्यावर!" दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं नव्या भट्ट्यांसाठी उठवली. घिवली-दांडीकडचे मच्छीमार वेगळंच सांगतात, गरम पाणी समुद्रात सोडतात, सिक्युरिटीवाले होडी जवळ येऊ देत नाहीत, मग मासळीसाठी लांब जा, डिझेल जाळा. ते डिझेल कोणाच्या वीजबिलात दिसतं? माझं बिल उघडून बघितलं, स्थिर आकार आहे, वहन आकार आहे, वीज शुल्क आहे, मच्छीमाराचा रकाना काही सापडला नाही.

आफ्टर सेल्स सर्व्हिसबद्दल पण बोललं पाहिजे. वापरलेल्या इंधनातून कामाचं काढून घेतात आणि उरलेला जहाल कचरा काचेत गोठवून ठेवतात, ही सोय तिथे तारापूरलाही आहे आणि चांगली आहे. पण त्यात थोडं उरणाऱ्या प्लुटोनियमचं अर्धं आयुष्यच, म्हणजे निम्मं विरायला लागणारा काळ, 24,000 वर्षं, तेवढी वॉरंटी कोण देणार.

मग नवीन मॉडेल, जैतापूर. राजापूर तालुक्यात माडबनला सहा फ्रेंच भट्ट्या, प्रत्येकी 1650, एकूण 9900 मेगावॅट. ऐकायला जबरदस्त, मुंबई दोनदा भागेल. पण तेच मॉडेल फ्रान्समध्ये फ्लामनव्हीलला 2007 ला बांधायला घेतलं, 3.3 अब्ज युरोत होईल म्हणाले होते, ग्रिडला जोडलं डिसेंबर 2024 ला आणि खर्च गेला 13 अब्जांच्या वर. फिनलंडमध्ये 2005 ला सुरू केलेलं 2023 ला मार्गी लागलं. दुकानदाराच्याच घरी मशीन सतरा वर्षं अडकलं तर आपण कशाच्या भरवशावर ऑर्डर द्यायची? आणि इथे हापूसच्या बागा, साखरी नाट्याची मासेमारी, 2011 च्या एप्रिलमध्ये पोलीस गोळीबारात एक माणूस गेला, फुकुशिमा होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. शिवाय अणुअपघाताच्या भरपाईच्या 2010 च्या कायद्यात भट्टीच्या दोषामुळे अपघात झाला तर पुरवठादाराकडून वसुली करता यायची, त्याच्या जागी आलेल्या डिसेंबर 2025 च्या शांती कायद्यानंतर ते करारात लिहिलं असेल तरच. म्हणजे फ्रेंच कंपनीशी करार करताना ते कलम घालून घेणारा खमक्या माणूस पाहिजे, आणि तो आपल्याकडून कोण बसणार टेबलावर देव जाणे.

माझं म्हणणं एवढंच की काक्रापारला 700 मेगावॅटच्या देशी भट्ट्या चालू झाल्यात, तशा दोन तारापूरला वाढवल्या तर माझी हरकत नाही, जागा ओळखीची आहे, काम येणारी माणसं तिथेच आहेत. फक्त त्याआधी चिंचणीपासून घिवलीपर्यंतची लाईन पावसात टिकेल अशी करा आणि मच्छीमारांच्या डिझेलचे पैसे आमच्या बिलात लावा, युनिटमागे काही पैसे वाढले तर वाढू देत. जैतापूरला मात्र युनिटचा दर कोणी लेखी देईपर्यंत एकही स्टार नाही.