सिंधू की गंगा? पाण्याच्या अभ्यासवर्गासाठी करार निवडताना

सांगली-साताऱ्याकडच्या पाणीवापर संस्थेत, वाचनालयात किंवा महाविद्यालयात कृष्णेच्या पाण्याविषयी अभ्यासवर्ग घ्यायचा असेल, तर सोबत दोन देशांमधील एखादा करार जरूर वाचावा, असे मला वाटते. ५६० टीएमसी (अब्ज घनफूट; कृष्णेतील महाराष्ट्राचा वाटा), लवाद (राज्यांमधला पाणीतंटा सोडवणारे न्यायाधिकरण), अलमट्टीची (कर्नाटकातील कृष्णेवरचे धरण) उंची या शब्दांवर आपल्याकडे प्रत्येकाचे मत आधीच पक्के झालेले असते. परक्या नदीविषयी मात्र माणूस मोकळेपणाने विचार करतो. अशा वेळी बहुधा दोनच नावे पुढे येतात, भारत-पाकिस्तानमधील १९६० चा सिंधू जलकरार आणि भारत-बांगलादेशमधील १९९६ चा गंगा पाणीवाटप करार. मिरज तालुक्यातील आमच्या वाचनालयाच्या रविवारच्या वर्गात मी हे दोन्ही करार घेतले आहेत आणि त्यावरूनच पुढचे लिहीत आहे.

सुरुवात मी साहजिकच सिंधूने केली. हा करार भक्कम आहे, यात शंका नाही. रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडील नद्या भारताला, तर सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडील नद्या, ठरावीक वापराची मुभा भारताकडे ठेवून, पाकिस्तानला, अशी त्याची मांडणी आहे. वाद उभा राहिलाच तर आधी स्थायी आयोग, मग तटस्थ तज्ज्ञ, मग लवाद न्यायालय, अशा पायऱ्या त्यात बांधून दिल्या आहेत. १९६५ आणि १९७१ या दोन युद्धांतही तो टिकला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवल्यानंतर त्याविषयीचे कुतूहल आणखी वाढले आहे, आणि वर्गाला गर्दी हवी असेल तर त्याच्याइतका दुसरा विषय नाही.

तरीही एका अडचणीने मला तो बाजूला ठेवायला लावला. तिसऱ्या रविवारी जत तालुक्याच्या पूर्व भागातून आलेल्या एका शेतकरी बाईंनी विचारले, "सर, नद्या वाटून घेतल्या हे समजलं. पण पाणीच कमी आलं, तर कुणी किती सोसायचं?" मी कराराची पाने पुढेमागे चाळत राहिलो. वाटणी नद्यांची झाली, पाण्याची झाली नाही; त्यामुळे एकाच प्रवाहातला तुटवडा दोघांनी कसा वाटून घ्यायचा, हा प्रश्नच त्या करारात उभा राहत नाही. आपल्या भागात तर दर उन्हाळ्यात हाच प्रश्न असतो. माझी स्वतःची जमीन एका वितरिकेच्या (कालव्याच्या फाट्याच्या) टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. आवर्तन (कालव्यातून ठरावीक दिवस सोडलेले पाणी) सुटल्याचे कानावर येते, वरच्या चाऱ्या भरून वाहतात आणि आमच्या दारात मात्र पाणी येते ते कधी रात्री अडीचला, कधी येतच नाही. अशा माणसांसमोर, ज्याने वाटणीचा प्रश्नच मिटवून टाकला आहे तो करार किती रविवार शिकवायचा, हे मला कळेनासे झाले. पुढेही प्रत्येक तुकडीत हाच प्रश्न आला आणि प्रत्येक वेळी मी निरुत्तर झालो.

गंगा करार उघडला तेव्हा पहिल्याच तासाला वर्ग सरसावून बसला, कारण तो मुळात पाळीपत्रकच, म्हणजे कुणाला पाणी कधी आणि किती याचे वेळापत्रकच आहे. १ जानेवारी ते ३१ मे या काळात पश्चिम बंगालमधील फराक्का बंधाऱ्याशी येणारे पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने वाटले जाते. ७० हजार क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद) किंवा त्याहून कमी आले तर निम्मे-निम्मे. ७० ते ७५ हजारांच्या दरम्यान असेल तर बांगलादेशाला ३५ हजार आणि उरलेले भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला ४० हजार आणि उरलेले बांगलादेशाला. खरी गंमत ११ मार्च ते १० मे या टंचाईच्या दिवसांत आहे. त्या काळात एका दहा दिवसांत एकाला ३५ हजार क्युसेकची हमी, तर पुढच्या दहा दिवसांत दुसऱ्याला. करारासोबतच्या तक्त्यात १ ते १० एप्रिलला प्रवाह ६३,१८० धरला आहे. त्यातून बांगलादेशाला ३५,००० आणि भारताला २८,१८०. ११ ते २० एप्रिलला प्रवाह ६२,६३३. आता भारताला ३५,००० आणि बांगलादेशाला २७,६३३. हे आकडे फळ्यावर मांडताच मागच्या बाकावरून एक पाटकरी (कालव्याचे पाणी सोडणारे कर्मचारी) म्हणाले, "म्हणजे एक पाळी त्यांची, एक पाळी आपली." मला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

या करारात उणिवा नाहीत असे मी म्हणणार नाही. तक्त्यातील आकडे १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांच्या सरासरीवर बेतलेले आहेत. प्रवाह ५० हजारांच्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी तातडीने बोलणी करावीत, एवढेच त्यात आहे. लवादाची पायरी नाही. फराक्क्याच्या वर गंगेतून किती उपसा होतो यावर थेट बंधन नाही, प्रवाह राखण्यासाठी सर्व प्रयत्न करण्याचे आश्वासन आहे. शिवाय कराराची मुदत ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतचीच आहे. मात्र या उणिवा वर्गानेच शोधून काढल्या. वरच्या उपशाचा प्रश्न तर हेडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या, चाऱ्यांचा अनुभव असलेल्यांनी पहिल्याच दिवशी विचारला.

आपला वर्ग पाटण किंवा कोयना परिसरात असेल, तर कदाचित माझे गणित तिथे लागू पडणार नाही. कोयनेचे पाणी बोगद्यातून पोफळीला नेऊन पश्चिमेकडे वळवले जाते, आणि कृष्णा लवादाने त्यासाठी ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. सिंधू कराराखाली वादात आलेल्या भारताच्या किशनगंगा प्रकल्पातही एका नदीचे पाणी बोगद्याने दुसरीकडे नेले आहे. त्या वादात लवाद न्यायालयाने २०१३ मध्ये धरणाखाली किमान ९ घनमीटर प्रतिसेकंद पाणी सोडत राहण्यास सांगितले. तिथे सिंधू करार घेणेच अधिक योग्य ठरेल. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत या बाजूला मात्र मी नम्रपणे गंगाच सुचवेन. पहिल्या दिवशी तक्त्यातील एप्रिलच्या दहा-दहा दिवसांच्या तीन ओळी फळ्यावर लिहाव्यात आणि बांगलादेशाचा रकाना रिकामा ठेवावा. तो वर्गाकडूनच भरून घ्यावा.