'झिरो डाऊन पेमेंट'वर भांडुपला वन बीएचके घेतला, ११ महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगतो, बँकेत झिरो डाऊन पेमेंट, म्हणजे स्वतःचे पैसे न घालता पूर्ण लोनवर घर, असलं काही नसतं. जाहिराती बघून मीही दोन नंबर फिरवले होते. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८०, त्याच्या वर ७५, आणि मुंबईत घर घ्यायचं म्हणजे ९० वाला हिशोब आपल्यासाठी नाहीच. वर स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरत नाहीत, ते सगळं खिशातून.

आमचा फ्लॅट रिसेलचा, ७२ लाख. लोन ५७ लाख ६० हजार. उरले १४ लाख ४० हजार, स्टॅम्प ड्युटी ३ लाख ६०, रजिस्ट्रेशन ३० हजार, ब्रोकर ७२ हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजार, प्रोसेसिंग-लीगल वगैरे अजून २०-२५. म्हणजे साडेएकोणीस लाख, आणि आमची एफडी होती ४ लाखांची! (स्टॅम्प ड्युटी मुंबईत ६ टक्के, पण फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर घेतला म्हणून ५ लागली. माझं नाव मालक म्हणून जोडलं असतं तर सवलत गेली असती, म्हणून मी फक्त लोनमध्ये को-ॲप्लिकंट, म्हणजे सहकर्जदार. मी नवीन टॅक्स रिजिममध्ये आहे, तिथे राहत्या घराच्या व्याजावर सूट नाहीच, त्यामुळे माझं काही गेलं नाही. जुन्या रिजिमवाल्यांनी आधी सीएला विचारा, मालकीत नाव नसेल तर सूट मिळत नाही.)

एजंटने दोन आयडिया दिल्या. एक, ॲग्रीमेंट ९० लाखांचं दाखवा म्हणजे ८० टक्क्यांत पूर्ण ७२ बसतात. अरे पण बँकेचा व्हॅल्युअर येऊन स्वतःचा आकडा लावतो, वाढीव रकमेवर आपलीच स्टॅम्प ड्युटी वाढते, विकणाऱ्याचा कॅपिटल गेन (विक्रीतला नफा, ज्यावर टॅक्स लागतो) वाढतो, आणि मुळात ती फसवणूक आहे. दुसरी, पर्सनल लोन काढा पण फॉर्मवर लिहू नका. सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या सगळ्या कर्जांच्या रेकॉर्डमध्ये, दिसतंच की ते. आम्ही ६ लाखांचं पर्सनल लोन काढलं आणि सरळ दाखवलं, त्यामुळे पात्रता घसरली आणि २० ऐवजी २५ वर्षं घ्यावी लागली.

बाकी पीएफमधून ३, सासऱ्यांकडून २, आणि साडेचार लाखांचं गोल्ड लोन. तो दिवस विसरत नाही. काउंटरवरच्या माणसाने बायकोच्या पाटल्या एकेक करून दगडावर घासल्या, हाराचे खडे वजनातून वजा केले, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील केलं आणि सीलवर तिची सही घेतली. बाहेर येऊन ती फक्त म्हणाली, चहा घेऊया. भाड्याच्या घराचं दीड लाख डिपॉझिट होतं, पण खोली खाली केल्याशिवाय मालक देणार नाही आणि पैसे लागणार रजिस्ट्रेशनआधी, त्यामुळे ते नंतर येऊन रंग, ग्रील आणि एका महिन्याचं भाडं अधिक ईएमआय यातच संपलं.

अजून एक गोष्ट आधी कोणी सांगितली नाही. ५० लाख किंवा जास्तीच्या घरावर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावाने आधीच कापला जाणारा टॅक्स) घर घेणाऱ्याने कापून सरकारकडे भरायचा असतो. ७२ हजार कमी दिल्यावर विकणारे काका म्हणे माझे पैसे कुठे गेले, पोर्टलवरची पावती मोबाईलवर दाखवली तेव्हा कुठे रजिस्ट्रारच्या ऑफिसात अंगठा द्यायला तयार झाले.

आता ११ महिन्यांचं. होम लोनचा त्रास वाटला तेवढा नाही, खरंच. जानेवारी २०२५ ला ८.७५ ने सुरू झालं, ईएमआय ४७ हजार ३५६. मग रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, होम लोनचा दर त्यावर हलतो) फेब्रुवारी ते जूनमध्ये ६.५० वरून ५.५० वर आला, माझा दर ७.७५ झाला, पण बँकेने ईएमआय तोच ठेवून मुदत कमी केली. मी ब्रांचला जाऊन अर्ज दिला की मुदत राहू द्या, हप्ता कमी करा. आता साडेत्रेचाळीस. व्याज जास्त जाणार माहितीये, पण महिन्याला जवळजवळ चार हजार हातात राहणं आज जास्त गरजेचं होतं.

खरा काटा पर्सनल लोनचा. १३ टक्के फिक्स्ड, रेपो कितीही उतरो याला काही फरक नाही, पाच वर्षं साडेतेरा हजार, आणि लवकर फेडायचं तर वर चार्ज. पाच तारखेला एक हप्ता, सात तारखेला दुसरा, मग मेंटेनन्स, त्यानंतर उरलं तर आमचं. दिवाळीला गावी गेलो नाही, सगळ्यांना कारण सांगितलं की रजा मिळत नाही. परत घ्यायचं झालं तर वर्षभर अजून भाड्याने राहीन आणि निदान हे पर्सनल लोन टाळेन, बाकी सगळं असंच करेन, कारण काकांनी नंतर तोच फ्लॅट ७२ ला दिला असता असं वाटत नाही.

गोल्ड लोनची मुदत जानेवारीत संपतेय. व्याज भरून रिन्यू करणार, दुसरा इलाज नाही. यावर्षी सोनं एवढं चढलंय की तिथली मुलगी दर पंधरा दिवसांनी फोन करते, सर त्याच दागिन्यांवर अजून रक्कम मिळेल. बायको फोन स्पीकरवर ठेवायला लावते आणि ऐकून हसते. फेब्रुवारीत तिच्या मामेबहिणीचं लग्न आहे, दादरहून एक ग्रॅमच्या पाटल्या आणल्यात.