न्यू जर्सीत घर घेताय? एजंटने दिलेला वकील घेण्याआधी हे वाचा

मिडलसेक्स काउंटीत जे पहिल्यांदा घर घेतायत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. वकिलाचं नाव टाकत नाही, फीचं प्रकरण अजून चालू आहे, पण आम्हाला कसं गंडवलं ते सविस्तर सांगतो.

ऑफर अ‍ॅक्सेप्ट झाली त्याच संध्याकाळी एजंटचा फोन, "वकील ठरलाय का? नसेल तर माझा माणूस आहे, फ्लॅट फीमध्ये सगळं करतो, उगाच किचकिच नाही." एजंट आपल्यातलाच, मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली, त्यामुळे बायको पण म्हणाली अरे बरंच झालं. फी फोनवर सांगितली, बाकीच्यांपेक्षा बरीच कमी. लेखी द्या म्हटलं तर ऑफिसातली बाई म्हणे पाठवते, ते काही आलंच नाही. खरं तर इथे नवीन क्लायंटला फी कशी आकारणार ते वकिलाने लेखी द्यायलाच लागतं, नियमच आहे तो. (साउथ जर्सीत बरेच लोक वकील न घेताच मालकीहक्क तपासणाऱ्या टायटल कंपनीकडून क्लोझिंग, म्हणजे शेवटचा खरेदीचा व्यवहार, करतात, आमच्या भागात मात्र वकील घेतातच.)

आता मुख्य गोष्ट अटर्नी रिव्ह्यू. एजंटने भरलेल्या काँट्रॅक्टवर दोन्हीकडच्या सह्या झाल्या की ३ कामाचे दिवस मिळतात, त्यात वकील काँट्रॅक्ट नामंजूर करू शकतो नाहीतर बदल मागू शकतो, ही सोय १९८३ च्या कोर्टाच्या निकालापासून आहे. म्हणजे वकिलाचं डोकं जिथे खरं लागतं ते हेच दिवस. आमच्या वकिलाने काय केलं, तर छापील पत्र पाठवून मोकळा. नंतर ते पत्र नीट वाचलं तर दुसऱ्या पानावर काँडो असोसिएशनच्या मेंटेनन्सबद्दल अख्खा परिच्छेद! आमचं घर स्वतंत्र, पन्नासच्या दशकातलं, कसली असोसिएशन न काही. कुठल्यातरी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पत्र, वर फक्त पत्ता बदललेला. आणि जे हवं होतं ते त्यात नव्हतंच, जमिनीखालच्या ऑइल टँकबद्दल एक ओळ नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथली जुनी घरं पूर्वी तेलावर तापवायचे आणि टँक अंगणात पुरलेला असायचा. पुढे गॅस आला, टँक तसाच राहिला. तो गळला तर मातीची साफसफाई मालकाच्या गळ्यात आणि होमओनर्स इन्शुरन्स बहुतेक वेळा हात वर करतो. म्हणून टँक स्वीप, म्हणजे जमिनीखाली टँक आहे का याची यंत्राने तपासणी, करायचा आणि टँक निघाला तर विकणाऱ्याने स्वखर्चाने काढून द्यायचा हे काँट्रॅक्टमध्ये घालून घेतात. मी वकिलाला स्पष्ट विचारलं होतं टँकचं काय, तर उत्तर आलं "टाउनशिपचे रेकॉर्ड चेक केलेत, क्लिअर आहे." ईमेल आहे माझ्याकडे.

क्लोझिंगला बिल सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट. वायर हँडलिंग, कुरिअर, डॉक्युमेंट प्रिपरेशन, आणि त्यातच 'म्युनिसिपल रेकॉर्ड सर्च' असे वेगळे पैसे. सामान ट्रकमध्ये, भाड्याच्या घराची किल्ली देऊन टाकलेली, अशा वेळी कोण भांडत बसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पुढच्या उन्हाळ्यात झुडपं छाटताना भिंतीपाशी एक गंजलेला पाइप वर आलेला दिसला, आणि बेसमेंटमध्ये त्याच बाजूला तांब्याच्या दोन बारीक नळ्या, कापून चेपलेल्या. शेजारचे आजोबा लांबूनच म्हणाले, टँक आहे तुमच्याकडे. मग मी ओप्राखाली (सरकारी कागदपत्रं मागायचा इथला कायदा, आपल्या आरटीआयसारखा) टाउनशिप क्लर्ककडे अर्ज टाकला, आमच्या पत्त्याची फाइल मागितली, सोबत याआधी कोणी मागितली होती का तेही विचारलं. फाइलमध्ये टँक काढायचं परमिट निघालं, आधीच्या मालकाने घेतलेलं आणि कधीच क्लोज न केलेलं. आणि वकिलाकडून अर्ज? एकही नाही. म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे लावले आणि वर क्लिअर म्हणून लिहून पण दिलं. एजंटला फोन केला तर म्हणे "मी फक्त नाव सुचवलं होतं". दोघांचं साटंलोटं होतं का ते मला सिद्ध करता येणार नाही.

फी आर्बिट्रेशनमध्ये, म्हणजे फीच्या वादासाठीच्या लवादाकडे, क्लायंटने अर्ज केला की वकिलाला यावंच लागतं, पण तिथे फक्त फीचा निवाडा होतो. टँकच्या खर्चासाठी मालप्रॅक्टिसची, म्हणजे वकिलाच्या हलगर्जीपणाची, केस वेगळी, त्याला आणखी एक वकील, शिवाय तिसऱ्या वकिलाचं शपथपत्र की केसमध्ये दम आहे. ते बघतोय सध्या.

तुम्ही घर बघत असाल तर ओप्राचा अर्ज स्वतःच टाका, फॉर्म टाउनशिपकडे मिळतो आणि वकील लागत नाही. फक्त उत्तर द्यायला त्यांना ७ कामाचे दिवस असतात आणि रिव्ह्यू ३ दिवसांचा, त्यामुळे घर मनात भरलं की ऑफर देतानाच टाका. आणि वकिलाने सर्च केलाय असं सांगितलं तर क्लर्ककडून आलेलं उत्तर फॉरवर्ड करायला सांगा, केलेला असेल तर दोन मिनिटांत पाठवेल.