विज्ञानावर लिहिणाऱ्यानं सोबत कुठं शोधावी? सातारा-सांगलीकरांसाठी तीन वाटांची तुलना

सातारा, कराड, वाई, विटा, तासगाव, सांगली या पट्ट्यात मराठीतून विज्ञानावर लिहिणारे बरेच आहेत. कुणी शाळेत शिकवतं, कुणी कृषी सेवा केंद्र चालवतं, कुणी दवाखाना आटोपून रात्री दोन पानं लिहितं. दिवाळी अंक, पुरवणी, फेसबुक, जिथं जागा मिळेल तिथं मजकूर जातो. यातल्या बहुतेकांना कधी ना कधी एकटेपणा जाणवतो. घरच्यांना विषयात रस नसतो आणि गावात बोलायला कुणी नसतं. मग विचार सुरू होतो की कुणाच्या तरी संगतीत जावं. आपल्या भागात त्यासाठी तीन वाटा आहेत: फोनवरचा ग्रुप, एखाद्या संस्थेची शाखा, किंवा पाच-सात जणांचा समोरासमोर भेटणारा कट्टा.

माझा कौल कट्ट्याला आहे, हे आधीच सांगतो. पण तो प्रत्येकाला जमेल असं नाही, आणि बाकीच्या दोन वाटांवर जे मिळतं ते कट्ट्यावर मिळत नाही. निवडताना मी एकच गोष्ट आधी बघतो. ‘छान लिहिलंय’ म्हणणारे सगळीकडे भेटतात. मजकूर छापायला जाण्याआधी तो शांतपणे वाचून ‘हे वाक्य चुकलंय, आणि का ते सांगतो’ म्हणणारा माणूस तिथं मिळेल का?

फोनवरचा ग्रुप

याची ताकद बघायची तर ऑगस्ट-सप्टेंबरात बघावी. कासच्या पठारावरून कुणीतरी फोटो टाकतं. जांभ्या दगडावरच्या ओल्या मातीत उगवलेली वीतभर तांबूस वनस्पती, पानांवरच्या केसांना चिकट थेंब आणि त्यातल्या एका थेंबात अडकलेलं चिलट. पाच मिनिटांत उत्तर येतं: दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा इंडिका. पाठोपाठ एक प्राध्यापक लिहितात की जांभ्यावर मातीचा थर पातळ असतो, नायट्रोजन तुटपुंजा, म्हणून ही झाडं कीटकांतून ती गरज भागवतात. तिसरं कुणी शेजारच्या जांभळ्या फुलांकडे लक्ष वेधतं. ती सीतेची आसवं, त्यांचे सापळे ओल्या मातीत दडलेले असतात आणि अगदी सूक्ष्म जीव पकडतात. साताऱ्यातल्या कुठल्याही पाच जणांच्या बैठकीत एवढं एका वेळी कळणार नाही, कारण त्या पाचांत वनस्पतिशास्त्राचा जाणकार असेलच असं नाही. ग्रुपवर दोनशे माणसं असतात, त्यातला एक तरी निघतोच.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पोहोच. जत किंवा आटपाडीच्या माणसानं सांगलीला संध्याकाळच्या बैठकीला यायचं तर आख्खा दिवस मोडतो आणि परतीच्या एसटीची चिंता वेगळीच. लहान मूल असलेल्या बाईला संध्याकाळी सातची वेळ सांगणं म्हणजे येऊ नका असं सांगण्यासारखंच. अशांना फोन हीच वाट आहे, आणि ती कमी दर्जाची आहे असं कुणी म्हणू नये.

पण मसुदा वाचून घ्यायचं काम तिथं होत नाही. चार पानांचा लेख टाकला की पहिल्या मिनिटाला अंगठा येतो, म्हणजे तो न वाचता आलेला असतो. मग कुणाचा वाढदिवस निघतो आणि लेख वर सरकून जातो. शिवाय चूक दाखवली तर ती दोनशे जणांसमोर दाखवली जाते. सांगणारा संकोचतो, ऐकणारा दुखावतो. त्यातून वाद झालाच तर त्याचे स्क्रीनशॉट वर्षभर फिरतात.

पुराच्या दिवसांत या ग्रुपची खरी परीक्षा होते. सांगलीत आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी, हे आकडे 2019 च्या ऑगस्टनंतर शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. अशा वेळी ‘कोयनेतून आज 50 टीएमसी सोडलं’ असा मेसेज येतो. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, हे पाण्याचं माप; क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा पाणी वाहण्याचा दर. एक लाख क्युसेक विसर्ग अखंड चोवीस तास चालला तर साधारण साडेआठ टीएमसी पाणी जातं. म्हणजे एका दिवसात 50 टीएमसी जायला पावणेसहा लाख क्युसेकच्या पुढं विसर्ग हवा, आणि सगळं धरणच मुळात 105 टीएमसीचं. विज्ञानावर लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर हा हिशेब कुणीतरी मांडतंच. पण तोवर तोच मेसेज आणखी चार ग्रुपवर गेलेला असतो, आणि हिशेब मात्र त्याच्या मागं जात नाही. ग्रुपमध्ये जाणार असाल तर आधी महिनाभर बघा: चुकीचा मेसेज थांबवणारी माणसं तिथं आहेत का, आणि त्यांचं कुणी ऐकतं का.

संस्थेची शाखा

मराठी विज्ञान परिषद 1966 मध्ये मुंबईत सुरू झाली. तिची पत्रिका आहे, वार्षिक अधिवेशन होतं, स्पर्धा असतात, गावोगावी विभाग आहेत. अशा संस्थेत तीन गोष्टी मिळतात ज्या दुसरीकडे मिळत नाहीत. जुनी जाणती माणसं भेटतात. एखाद्या प्रयोगशाळेत जाऊन विचारायचं असेल तर आपल्या एकट्याच्या ईमेलपेक्षा संस्थेच्या पत्राला लवकर उत्तर येतं. आणि तिसरी, मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे नाव झाकून वाचलं जाणं. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं ते नाव न पाहता. लहान गावात असं निनावी वाचन अशक्यच असतं. इथं सगळेच सगळ्यांना ओळखतात.

उणी बाजूही आहे. शाखेचा कार्यक्रम म्हणजे बहुतेकदा एक व्याख्यान. स्वागत, परिचय, तासभर भाषण, दोन प्रश्न, आभार. ऐकायला मिळतं, पण आपलं लिखाण बाहेर काढायला जागा नसते. नवीन माणसाला पहिली एक-दोन वर्षं खुर्च्या मांडणं आणि पाहुण्यांना स्टँडवरून आणणं हीच कामं येतात. मी याला वाईट म्हणत नाही. पाहुण्यांना स्टँडवरून आणताना रिक्षात झालेली वीस मिनिटांची गप्पाष्टकं कधीकधी व्याख्यानापेक्षा जास्त देऊन जातात. फक्त मसुदा वाचून घ्यायची गरज तिथून भागत नाही.

आपल्या भागात आणखी एक नाव टाळून पुढं जाता येत नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांची हत्या झाली, तरी काम थांबलं नाही. तिथल्या कार्यकर्त्यांइतका जिव्हाळा मी दुसऱ्या कुठल्या मंडळींत पाहिला नाही. पण ती चळवळ आहे. शाळांतले कार्यक्रम, प्रबोधन, पाठपुरावा यांसाठी वेळ द्यावा लागतो आणि तो द्यायलाच हवा. तुम्हाला शेवाळावर किंवा प्रवाहांच्या गणितावर लिहायचं असेल तर त्यासाठी वाचक दुसरीकडे शोधा.

पुण्याचं काय, हा प्रश्न साताऱ्याचे लोक विचारतातच. 1944 पासूनची हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला सगळ्यांना खुली होणारी आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था, हे वर्षातून एकदा-दोनदा जाण्यासारखं आहेच. नेहमीची सोबत म्हणून ते जमत नाही. सांगलीहून तर नाहीच.

कट्टा

कट्ट्यावर काय होतं ते एका उदाहरणानं सांगतो. आमच्यातल्या एका सरांनी कोयनेच्या भूकंपावर लेख आणला होता. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, 6.3 रिश्टर, दीडशेहून अधिक बळी. लेखात एक वाक्य होतं: ‘धरणातल्या पाण्याच्या वजनानं जमीन फाटली.’ वाक्य वाचायला जोरकस होतं. कट्ट्यावर एक शेतकरी काका असतात. ते म्हणाले, “सर, वजनानंच फाटली म्हणता, तर मग धरणाच्या बुडाशीच फाटाय पायजे हुती की. आणि पाणी भरायला लागलं बासष्ट साली, जमीन हालली सदुसष्टला. पाच वर्सं काय करत हुती?”

सरांनी लेख घरी नेला. पुढच्या वेळी आणला तेव्हा त्यात खरी गोष्ट आली होती. खडकातल्या जुन्या भेगेवर ताण आधीपासून होता. जलाशयाचं वजन हा एक भाग, पण पाणी हळूहळू खोल मुरत गेलं, भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला आणि दोन्ही बाजूंना जखडून ठेवणारं घर्षण कमी झालं. मुरायला वेळ लागतो म्हणून मधली वर्षं. तिथं आजही छोटे धक्के बसतात, आणि त्यांचा अभ्यास करायला कराडजवळ भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. कोयना भागात तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडक तपासला गेला, हेही लेखात आलं. काकांचे दोन प्रश्न नसते तर पहिलं वाक्य तसंच छापलं गेलं असतं, आणि वाचणाऱ्यानं तेच पुढं सांगितलं असतं.

फोनवर काकांनी हे टाइप केलं नसतं. सभागृहात हात वर केला नसता. चहाच्या टपरीमागच्या बाकावर, सरांच्या शेजारी बसून ते सहज बोलले. कट्ट्याच्या बाजूनं माझा सगळा युक्तिवाद एवढाच आहे.

पद्धतही जड नको. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये 1998 मध्ये डंकन डॅलस यांनी ‘कॅफे सायंटिफिक’ सुरू केलं. तिथं वक्ता थोडा वेळ बोलतो, मग पेय हातात घेऊन सगळे आपसांत बोलतात, आणि उरलेला मोठा वेळ प्रश्नांचा. आपल्याकडे वक्त्याच्या जागी एक मसुदा ठेवायचा. लेखकानं तो मोठ्यानं वाचायचा, आणि ऐकणाऱ्यांनी पूर्ण होईपर्यंत गप्प बसायचं. मोठ्यानं वाचताना लेखकालाच निम्म्या चुका कळतात.

कट्ट्याचे धोकेही सांगायला हवेत. तो एका माणसावर चालतो. त्याची बदली झाली किंवा मुलांच्या शिक्षणासाठी तो पुण्याला गेला की दोन महिन्यांत कट्टा बंद. डॉक्टरांच्या लेखातली चूक दाखवायची आणि उद्या त्यांच्याच दवाखान्यात जायचं, हा संकोच खराच असतो. आणि पाच-सात जणांत सगळे पुरुष, सगळे पन्नाशीचे, सगळे एकाच कॉलेजचे झाले तर प्रश्नही एकसारखे येऊ लागतात.

तेव्हा निवड अशी करा. साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत राहत असाल आणि महिन्यातून एक रविवार मोकळा काढता येत असेल तर कट्टा शोधा, नसेल तर दोघांनी सुरू करा. त्यात एक तरी माणूस विज्ञान न शिकलेला हवा आणि वेळ बायकांना विचारून ठरवा. कथा किंवा स्पर्धेसाठी लिहीत असाल, शास्त्रज्ञांशी ओळखी हव्या असतील, तर संस्थेचे सभासद व्हा, वर्गणी फारशी नसते. झाडं, पक्षी, फुलपाखरं हा विषय असेल तर फोनवरच्या ग्रुपला पर्याय नाही.

आणि जत, आटपाडी, म्हसवड, पाटणच्या खोऱ्यात असाल तर ग्रुपमधून एकच माणूस निवडा. त्याला सरळ विचारा: तुमचे लेख मी वाचीन, माझे तुम्ही वाचाल का? मग टाइप करत बसू नका, फोन लावा आणि लेख त्याला वाचून दाखवा.