अलिबागच्या खानावळी : उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळ्यातला अनुभव

मी नवी मुंबईत नेरूळला राहतो आणि कामानिमित्त गेल्या उन्हाळ्यापासून जवळजवळ दर आठवड्याला अलिबागला जातो. जिल्ह्याचे ठिकाण असल्याने कचेरीतले काम सकाळी उरकते आणि दुपारचे जेवण तिथेच होते. पुढे सुटीच्या दिवशी घरच्या मंडळींनाही सोबत नेऊ लागलो. एखाद्या शनिवारी जाऊन लिहिलेले अभिप्राय भरपूर वाचायला मिळतात, परंतु ते आणि माझा अनुभव यांत इतके अंतर आहे की सविस्तर लिहावेसे वाटले. खानावळींची नावे मुद्दाम देत नाही, कारण स्वयंपाक करणारी बाई बदलली की चव बदलते, हे एवढ्या काळात एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

अलिबागमध्ये चांगले जेवायचे असेल तर खानावळीच्या नावापेक्षा त्या दिवशी बाजारात काय आले आहे, याची चौकशी अधिक उपयोगी पडते. मेन्यूकार्डावर सुरमई, पापलेट, हलवा आणि कोळंबी बारा महिने छापलेली असतात. समुद्र मात्र त्या यादीप्रमाणे चालत नाही. ज्या खानावळीत विचारल्याबरोबर ‘आज हलवा नाही, मांदेली आणि कर्ली आहे’ असे सरळ सांगतात, तिथे मी निर्धास्त बसतो. कर्लीला काटे फार, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला ती वाढायला मालक कचरतात. तरी आपण होऊन मागितली की बहुधा त्या दिवसाचा सर्वांत ताजा आणि स्वस्त मासा ताटात येतो. उलट, कोणत्याही दिवशी कोणताही मासा ‘आहे’ म्हणणाऱ्या ठिकाणी तळलेली तुकडी तिखटाच्या थरामुळे बरी लागते, पण त्याच माशाचे कालवण मागवले की मांस भुसभुशीत आणि कोरडे निघते व तो किती दिवस बर्फात होता ते कळते. म्हणून नवीन ठिकाणी मी नेहमी आधी कालवण मागवतो.

माझ्या आवडत्या खानावळीत स्वयंपाकघर आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये केवळ कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळे बोंबील कसे होतात ते बसल्या जागेवरून दिसते. पोटाकडून चिरून, मधला काटा काढून उघडलेले बोंबील मीठ लावून फडक्यात पसरतात आणि वर पाटा ठेवून त्यांतले पाणी निथळू देतात. बोंबलाच्या अंगात पाणी फार, आणि ते काढल्याशिवाय तो खरपूस होत नाही. त्यानंतर लसणाचे वाटण, हळद आणि घरचा मसाला चोळून, तांदळाच्या पिठात हलकेच घोळवून तो तव्यावर जातो. ताटात येतो तेव्हा कडा कुरकुरीत असतात आणि मध्यभागी तो अजून मऊ असतो. घाईच्या ठिकाणी हा दाब देण्याचा वेळ वाचवतात आणि उणीव रव्याच्या जाड थराने झाकतात. पहिल्या घासालाच तो थर सुटून येतो आणि आतून पाणी निघते. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या मासळी बाजारातून बोंबील आणून घरी करणाऱ्या आमच्या बेलापूर-नेरूळकडच्या लोकांना ही रीत नवी नाही, पण पैसे देऊन बाहेर जेवताना इतकी निगा क्वचितच मिळते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. अनेक पाट्यांवर ‘मालवणी’ लिहिलेले असते, कारण मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना ते ओळखीचे वाटते. इथली स्वतःची चव मात्र आगरी-कोळ्यांची आहे : रस्सा पातळ, ठेचलेला लसूण भरपूर, आंबटपणाला चिंच किंवा आमसूल, आणि मालवणी आमटीत असते तसे ओल्या खोबऱ्याचे दाट वाटण किंवा तिरफळाचा वास नाही. ‘घरी करता तसे कालवण द्या’ असे सांगितल्यावर दोन ठिकाणी मला मेन्यूत नसलेला रस्सा मिळाला आणि तो तांदळाच्या भाकरीबरोबर इतका चांगला लागला की त्यानंतर तिथे दुसरे काही मागवले नाही. अलिबागला येऊन खोबऱ्याचा रस्सा खाऊन परतणाऱ्यांविषयी मला मनापासून वाईट वाटते.

पावसाळ्याचा अनुभव वेगळा नोंदवतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, म्हणजे माशांच्या विणीच्या हंगामातले हे ६१ दिवस मोठ्या होड्या बंदरात ओढून ठेवलेल्या असतात. त्या दिवसांत मिळणारे पापलेट किंवा सुरमई एक तर साठवणीतली असते, नाही तर दुरून आलेली असते, आणि तिला दर मात्र ताज्याचा लावला जातो. तरीही हेच दिवस खाडीच्या मासळीचे असतात. चिंबोऱ्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपले) आणि खाडीची कोळंबी मी या दोन महिन्यांत सर्वांत चांगली खाल्ली. जमल्यास जिताडा हा मासा अवश्य खावा. पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, घराजवळच्या तळ्यांत तो वाढवतात आणि पाहुण्याला जिताडा वाढणे हा तिकडे मोठा मान समजला जातो. बहुतेक खानावळींत तो रोज नसतो. एक दिवस आधी फोन करून सांगावे लागते आणि किंमत चांगलीच भरते. जाड तुकडीला स्वतःचा तुपकटपणा असल्याने त्याला मसाला कमी लागतो. घरच्या सर्वांनी एकदा वर्गणी काढून तो मागवला आणि एकाचीही तक्रार नव्हती. श्रावणात खानावळी रिकाम्या असतात, आणि गणपतीत घरगुती ठिकाणे चक्क बंद असतात, हेही लक्षात ठेवावे.

शनिवार-रविवारविषयी माझे मत चांगले नाही. समुद्रकिनाऱ्यालगतच्या एका मोठ्या उपाहारगृहात आम्ही खेकडा मागवला, मेन्यूवर दराच्या जागी ‘साईजप्रमाणे’ एवढेच छापलेले होते, विचारल्यावर वेटरने ‘जास्त नाही’ असे उत्तर दिले आणि बिल आले तेव्हा एका खेकड्याची रक्कम चार थाळ्यांइतकी होती. शिवाय खाली सेवा शुल्क जोडलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बिलात परस्पर सेवा शुल्क लावू नये असे निर्देश दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले, हे शांतपणे सांगितल्यावर ते शुल्क काढले गेले, खेकड्याची रक्कम मात्र तशीच राहिली. साईजचा मासा मागवताना तो आधी डोळ्यांनी पाहावा, किंमत तोंडी न ठेवता ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्यावी. बाजारपेठेतल्या आणि एसटी स्थानकाजवळच्या साध्या खानावळींत असा प्रसंग माझ्यावर एकदाही आला नाही. तिथे थाळीचा दर फळ्यावर खडूने लिहिलेला असतो आणि तेवढेच पैसे घेतात.

माझी पत्नी शाकाहारी आहे आणि तिच्या बाबतीत अलिबागची खानावळ बरीच कमी पडते. पनीरची तीच ती भाजी किंवा डाळ-भात एवढ्यावर बहुतेकांची मजल संपते. वालाचे बिरडे हे या भागाचे खास, पण ते मागूनही क्वचितच मिळाले. थंडीत मात्र ही उणीव भरून निघाली, कारण नागावच्या बाजूला काही वाड्यांत आधी सांगितल्यास पोपटी लावून देतात. मडक्यात भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला घालून, त्यात मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा आणि बटाटे भरून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. पाण्याचा किंवा तेलाचा थेंबही लागत नाही. शाकाहारी मडके वेगळे लावायला सांगावे, एरवी त्यात अंडी आणि कोंबडी असते. हंगामात परतताना कार्लेखिंडीत पांढऱ्या कांद्याच्या माळा मिळतात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा कच्चाच खाण्यासारखा गोडसर आहे.

जाण्यासाठी मी वडखळवरून जाणारा गाडीचा रस्ता शक्यतो टाळतो. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून नेरूळहून उरण, तिथून रिक्षाने करंजा, करंजाहून लाँचने रेवस आणि पुढे एसटी, हा मार्ग एकट्या माणसाला सोयीचा पडतो. हवामान बिघडले की लाँचचा भरवसा नसतो, तेव्हा गाडीने जावे. कोणत्याही मार्गाने गेलात तरी साडेबाराच्या सुमारास खानावळीत पोहोचावे. सकाळच्या बाजारातली मासळी तेव्हा नुकतीच शिजलेली असते, दोननंतर चांगल्या तुकड्या संपतात आणि संध्याकाळी बहुधा दुपारचेच उरलेले तळून मिळते. रात्रीच्या जेवणासाठी अलिबागला थांबायचे असेल तर दुपारीच त्या खानावळीत जाऊन मासा सांगून ठेवावा. साध्या ठिकाणीसुद्धा तेवढे आनंदाने करतात.