कुलसंमेलन, खोटी सनद आणि नाहीसा झालेला संयोजक

यंदाच्या मे महिन्यात आमचं कुलसंमेलन राजापूर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी भरायचं होतं. ते भरलं नाही. संयोजक म्हणवणारा माणूस सगळ्यांचे पैसे घेऊन नाहीसा झाला, आणि त्याने घरोघरी विकलेले 'जुने कागद' बनावट निघाले. पोलिसांत तक्रार दिली आहे, तपास चालू आहे, त्यामुळे त्याचं आणि गावाचं नाव इथे देत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर लिहिते, कारण आज ना उद्या तो दुसऱ्या आडनावाच्या लोकांकडे जाणार, याबद्दल मला शंका नाही.

आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती काढायचं काम काही वर्षं चालू आहे. आमची माणसं सगळीकडे पांगलेली. शिंदे-होळकरांबरोबर गेलेली घराणी ग्वाल्हेर-इंदूरला, काही बडोद्याला, एक शाखा पार तंजावरला. मुंबई-पुण्याच्या लोकांचं गावाशी येणंजाणं तरी असतं. इंदूर-तंजावरच्या लोकांना गावाचं नाव ऐकून माहीत, पण तिथे आपलं घर कुठे होतं, कुलदैवत नेमकं कोणतं, हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. या माणसाने बरोबर तीच माणसं हेरली.

तो आमच्या ग्रुपवर आला तो शेजारच्या गावचा म्हणून. मोडी वाचतो, दफ्तरखान्यात ओळखी आहेत, असं सांगायचा. गावाची माहिती त्याला खरोखर होती. वाड्या, ग्रामदेवतेचं देऊळ, पालखीचे मानकरी, सगळं तोंडपाठ. मग तो एकेकाला खाजगीत फोटो पाठवू लागला: गवतात बुडालेलं चिऱ्याचं जोतं, मागे फणस, आणि खाली ओळ, 'हे तुमच्या पणजोबांच्या घराचं जोतं.' बडोद्याच्या काकूंनी तो फोटो मोठा करून देवघराशेजारी लावला होता. सगळं उघडकीस आल्यावर आम्ही फोटो एकत्र केले, तेव्हा तोच फोटो तीन वेगवेगळ्या घरांना गेलेला दिसला. फणसाच्या खोडावरचा चुन्याचा पट्टासुद्धा तोच, फक्त फोटो कडेने थोडा कमी-जास्त कापलेला.

विश्वास बसल्यावर पैशांचं सुरू झालं. माणशी साडेतीन हजार रुपये: दोन दिवसांची राहण्या-जेवणाची सोय, देवस्थानचा हॉल, आणि मुंबईहून येणाऱ्यांचं रेल्वे आरक्षण. पैसे त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर. कारण काय, तर 'ट्रस्टची फाइल धर्मादाय आयुक्तांकडे आहे, खातं उघडेपर्यंत माझ्याकडेच पाठवा.' नोंदणी झालेला ट्रस्ट असेल तर त्याला नोंदणी क्रमांक असतो, संस्थेच्या नावाने बँक खातं असतं, छापील पावती मिळते. नोंदणी अजून व्हायची असेल, तर घराण्यातल्या दोन-तीन विश्वासू माणसांच्या नावे संयुक्त खातं काढता येतं. खाजगी नंबरवर शेकडो लोकांचे पैसे गोळा करायला काहीही कारण पुरेसं नाही.

जानेवारीतच त्याने ग्रुपवर टाकलं, 'मेची तिकिटं काढून झाली.' हे शक्यच नव्हतं. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं. पूर्वी ते 120 दिवस आधी उघडायचं, आणि बऱ्याच लोकांच्या डोक्यात अजून तोच हिशेब आहे. विचारल्यावर तो 'ग्रुप कोटा' म्हणाला. तिकीट निघालं असेल तर त्याला दहा आकडी पीएनआर असतो आणि रेल्वेच्या 139 या नंबरवर त्याची खात्री करता येते. तो शेवटपर्यंत कोणालाही मिळाला नाही.

पण खरा माल तो वेगळाच विकत होता. घराण्याच्या 'मूळ पुरुषाची सनद', म्हणजे राज्यकर्त्याने दिलेला हक्काचा कागद, शोधून देण्याचे अकरा हजार रुपये. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हापासून मोडी जाणणाऱ्यांना गावोगाव विचारणा होऊ लागली. त्यातले बहुतेक जण प्रामाणिकपणे काम करतात. पण सामान्य माणसाला मोडी वाचता येत नाही, म्हणजे समोर ठेवलेला कागद काय आहे हे त्याला कळायची सोयच नाही, आणि त्यावरच याचा धंदा चालला.

इंदूरच्या काकांनी त्यांची सनद मला वाचायला पाठवली. वय ऐंशीच्या पुढे. नातवाच्या मुंजीत ती फ्रेम करून लावायची होती. मी मोडी शिकले आहे, म्हणून कागद उघडल्या उघडल्या खटकला. जुन्या मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरं एकसलग लिहीत जातात. शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत, लिहिणारा बोरू फार उचलतच नाही. इथे प्रत्येक शब्द सुटा होता, प्रत्येकाच्या डोक्यावर आपली वेगळी रेघ. एकाच पानावरचे सगळे 'क' तंतोतंत सारखे. कॉम्प्युटरवरच्या मोडी फॉन्टमध्ये लिहून, चहाच्या पाण्यात बुडवल्यासारख्या पिवळट कागदावर छापलेलं ते काम होतं.

मग तारीख पाहिली. शके 1705 लिहिलं होतं, म्हणजे इसवी सन 1783-84. त्याच ओळीत शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत अरबी संख्याशब्दांनी लिहिली जाणारी कालगणना, 'तिसा सबैन मया व अलफ'. नऊ, सत्तर, शंभर आणि हजार मिळून 1179. शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे साल 1778-79. एकाच कागदाच्या दोन तारखांत पाच वर्षांचं अंतर. आणि सनद देणारे कोण, तर नानासाहेब पेशवे. नानासाहेब वारले 1761 मध्ये. 1783 साली पेशवाईची वस्त्रं सवाई माधवरावांकडे होती. एवढं तपासायला मोडी यायचीही गरज नाही, सोबत दिलेलं बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर नीट वाचलं तरी पुरे.

काकांना हे फोनवर सांगणं मला फार जड गेलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'म्हणजे आमचा मूळ पुरुष त्या गावचा नाही?' असं मुळीच नाही. त्या गावचे आपण आहोत, हे दुसऱ्या पुराव्यांवरून सिद्ध आहे. पण ऐंशी वर्षांच्या माणसाच्या मनात ती शंका आली, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

यानंतर मी गावच्या सरपंचांना फोन केला. मे महिन्यात हॉलचं बुकिंग नव्हतं, देवस्थानकडे आगाऊ रक्कम पोचलेली नव्हती. गावात त्या माणसाला लोक ओळखत होते, पण तो शेजारच्या गावचा नव्हता. वर्षभरापूर्वी एका सर्वेक्षणाच्या निमित्ताने येऊन राहिला होता, सगळी माहिती तेव्हाच गोळा केलेली. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

ज्यांनी पैसे नुकतेच भरले होते, त्यांनी लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, आणि एकाची रक्कम बँकेत गोठवली गेली. बाकीच्यांना उशीर झाला होता. पैसे गेल्याचं कळताक्षणी 1930 लावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, ग्रुपवर चर्चा नंतर करा. पोलीस ठाण्यात 'हा तुमचा आपसातला व्यवहार आहे' असं ऐकावं लागलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे आणि बनावट कागदासाठी कलम 336 आहे, हे ठामपणे सांगा. आमच्यातले काही ज्येष्ठ 'घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला' म्हणून तक्रारीला तयार नव्हते. मला हे पटत नाही. तो माणूस आपल्या घरातला नव्हताच.

जुना कागद खरोखर हवा असेल तर तो जिथे आहे तिथूनच घ्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालात बांधलेले असतात; शोधून देणाऱ्याला रुमाल क्रमांक विचारा आणि तिथली प्रमाणित नक्कल मागा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार आणि गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदी, यांच्या नकला अर्ज करून मिळतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्याची नामावळ सापडू शकते, पण ती वही समोर बसून पाहा. आमच्या एका घराला त्याने अशा वहीचा फोटो विकला होता. त्यात चार पिढ्यांच्या सह्या एकाच हाताने केलेल्या होत्या.

तुमच्याकडे अशा कोणाकडून आलेला कागद असेल, तर रागाच्या भरात फाडू नका. पाकीट, कुरिअरची पावती, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, आवाजी मेसेज, सगळं जसंच्या तसं ठेवा आणि पोलिसांना द्या. आमच्या तपासात तो ज्या शहरातून कागद पाठवत होता ते कळलं, ते बडोद्याच्या काकूंनी जपून ठेवलेल्या एका पाकिटावरच्या शिक्क्यावरूनच.