जुना स्टारक्राफ्ट की दुसरा? एका केबलने केलेला निर्णय

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने मला एक सरळ प्रश्न विचारला. साताऱ्याहून शिकायला आलेला तो आणि त्याचे तीन वर्गमित्र कर्वेनगरात एका फ्लॅटमध्ये राहतात, चौघांकडे बेताचे लॅपटॉप आहेत, आणि परीक्षा संपल्यावर एकत्र बसून खेळण्यासाठी त्यांना स्टारक्राफ्ट हा संगणकावरचा युद्धनीतीचा खेळ हवा आहे. तर १९९८ चा जुना, ब्रूड वॉर या पुरवणीसकट, घ्यावा की २०१० मध्ये आलेला दुसरा? पैशांमुळे निर्णय अडण्याचे दिवस आता गेले आहेत, कारण २०१७ सालच्या एप्रिलमध्ये जुना खेळ फुकट झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्याचे पहिले कॅम्पेन (एकट्याने खेळायची कथा-मोहीम) व ऑनलाइन सामनेही फुकट झाले. मी दोन्ही खेळ पुण्यातच, वर्षानुवर्षे, कधी एकट्याने तर कधी टोळक्याने खेळलो आहे, आणि त्यांतला एक माझ्यापुरता निवडूनही मोकळा झालो आहे. निवडीचे कारण मात्र इतके किरकोळ आहे की ते सांगताना मला थोडा संकोच वाटतो.

खेळ म्हणून पाहिले तर दुसरा अधिक सुबक आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. जुन्यात एका वेळी बाराच सैनिक निवडता येतात, नवे कामगार तयार झाले की त्यांना हाताने खाणीकडे पाठवावे लागते, आणि ड्रॅगून नावाचे ते चार पायांचे यंत्र उतारावरून जाताना कसबा पेठेच्या बोळात अडकलेल्या रिक्षेसारखे मागेपुढे करत राहते. दुसऱ्यात यातले काहीच नाही. जुन्याचे भक्त म्हणतात की ही सारी अडचण हाच त्या खेळाचा कस आहे. त्यांचे म्हणणे मला समजते, पण रोज संध्याकाळी कस लावून घेण्याची हौस प्रत्येकाला असतेच असे नाही.

खरा वाद या कशावरूनच नव्हता. दुसऱ्या खेळात लॅनची, म्हणजे जवळचे संगणक इंटरनेटशिवाय एकमेकांना जोडून खेळण्याची, सोय नसेल, हे जून २००९ मध्ये, म्हणजे खेळ बाजारात येण्याच्या वर्षभर आधीच, तो बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने जाहीर केले. दोन संगणक एकाच खोलीत, एकाच स्विचला जोडलेले असले तरी त्यांच्यातला सामना बॅटलनेट या कंपनीच्या ऑनलाइन सेवेच्या सर्व्हरवरूनच होणार आणि प्रत्येक खेळाडूला आपापल्या अकाउंटने लॉगिन करावे लागणार, असा त्याचा अर्थ होता. बिनपरवाना प्रतींना आळा घालणे आणि खेळाचा दर्जा राखणे ही कारणे उघड सांगितली गेली. जाणकारांना त्यामागे आणखी एक कारण दिसत होते. दक्षिण कोरियात जुन्या खेळाचे सामने दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे दाखवले जात होते, आणि २००७ मध्ये तिथल्या ई-स्पोर्ट्स संघटनेने त्यांचे प्रक्षेपण-हक्क विकले, तेव्हा मूळ कंपनीला त्यात विचारले गेले नव्हते. ज्या खेळाचा प्रत्येक सामना आपल्याच सर्व्हरवरून जातो, त्या खेळावर असा उद्योग कोणाला आपल्याला वगळून उभारता येणार नाही, हा हिशेब कंपनीने केला असेल तर मला तो अन्यायकारक वाटत नाही.

आमच्या कंपूतच या घोषणेवर तीन मते पडली. एक मित्र संतापला. त्याने लॅनसाठी चाललेल्या सह्यांच्या मोहिमेत स्वतः सही केली आणि आम्हालाही करायला लावली. दुसऱ्याने शांतपणे विचारले की, आपण कॉलेजात असताना जो जुना खेळ खेळलो, त्याची विकत घेतलेली सीडी आपल्यापैकी किती जणांकडे होती? त्यावर कोणी बोलले नाही. मूळ खेळाच्या एका सीडीवरून मित्रांच्या संगणकांवर सोबत खेळण्यापुरती ‘स्पॉन’ प्रत घालून देण्याची सोय कंपनीनेच ठेवली होती, पण आम्ही त्या उदारपणाच्या बरेच पुढे गेलो होतो. तिसरा मित्र हिंजवडीत नोकरीला होता आणि तिथेच एकटा राहत होता. त्याला लॅनशी काही देणेघेणेच नव्हते. रात्री दहाला घरी आल्यावर आपल्याच तोडीचा कोणीतरी दोन मिनिटांत समोर यावा, एवढीच त्याची अपेक्षा होती आणि ती दुसऱ्या खेळाने चोख पुरवली. ब्राँझपासून वर चढत जाणाऱ्या लीगमधून हरल्याजिंकल्याचा हिशेब ठेवून प्रतिस्पर्धी शोधून देणारी त्याची व्यवस्था खरोखरच उत्तम आहे. मी स्वतः दुसऱ्या मताचा होतो. खेळ आला तेव्हा मी तो विकत घेतला, कॅम्पेन मन लावून खेळलो आणि लॅनचे दुःख करणाऱ्यांना जुनाट म्हणून हिणवलेही.

माझे मत पालटले ते जुलै २०११ मध्ये, आषाढी एकादशीच्या आदल्या शनिवारी. मयूर कॉलनीतल्या एका मित्राचे आईवडील पंढरपूरला गेले होते, घर मोकळे होते, आणि आम्ही सहा जण आपापले संगणक घेऊन तिथे जमलो होतो. ज्यांनी स्कूटरच्या पायाशी सीपीयू आणि मागे बसलेल्याच्या मांडीवर मॉनिटर अशी पावसातून मिरवणूक काढली आहे, त्यांना त्या जमण्यामागची मेहनत वेगळी सांगायला नको. आठ पोर्टचा स्विच टीपॉयवर ठेवला, केबल ओढल्या, आणि तीन विरुद्ध तीन असा पहिला डाव मांडायला बसलो, तेव्हा कळले की दोन संगणकांवरचा पॅच, म्हणजे खेळातली सुधारणा, जुना आहे. सर्व्हर जुन्या पॅचला आत घेत नाही. ५१२ केबीपीएसच्या त्या वेळच्या जोडणीवरून दोन संगणकांचे पॅच उतरायला दीड तासाहून अधिक वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात आम्ही चहा, भजी आणि एकमेकांच्या नोकऱ्यांची निंदा एवढे सगळे संपवले.

मग डाव सुरू झाला. दहाव्या मिनिटाला एकाची जोडणी रखडली आणि सहाही पडद्यांवर त्याच्यासाठी थांबण्याची ती खिडकी उघडली. तो माणूस माझ्या डाव्या हाताला, कोपर लागेल इतक्या अंतरावर बसलेला होता. आम्ही थांबलो, तो परत आला, पुन्हा रखडला. बाहेर पाऊस वाढला होता. इंटरनेटची वायर शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून, आंब्याच्या फांदीला टेकून आमच्या खिडकीत येत होती. साडेनऊच्या सुमारास तिने मान टाकली आणि सहाही जण एकदमच बाहेर फेकले गेले. सेवा देणाऱ्याने फोन उचलला नाही, आणि उचलला असता तरी त्या पावसात फांदीवर कोण चढणार होते?

त्या वेळी टीपॉयवरच्या स्विचचे सहाही दिवे लुकलुकत होते. आम्ही एका संगणकावरून दुसऱ्यावर सिनेमे पाठवू शकत होतो. त्यांच्यातली एकही केबल सैल नव्हती. तरीही सहा माणसे, सहा विकत घेतलेल्या प्रती आणि रिकामे घर एवढे सगळे हाताशी असताना खेळ आम्हाला फक्त एकच परवानगी देत होता: ऑफलाइन होऊन प्रत्येकाने आपापल्या पडद्यावर संगणकाविरुद्ध खेळावे. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. या बंधनाबद्दल लोक जेव्हा ‘इंटरनेट लागते’ एवढेच म्हणतात, तेव्हा त्यातली खरी गंमत निसटते. इंटरनेटशिवाय एकट्याला खेळता येते, शेजारी बसलेल्या दोघांना मात्र एकमेकांशी खेळता येत नाही.

तांत्रिक बाजू पाहिली तर हे आणखीच विचित्र वाटते. अशा खेळांत सैन्याची हालचाल तारेवरून जात नसते. प्रत्येक खेळाडूचे हुकूम तेवढे पाठवले जातात आणि प्रत्येक संगणक तेच हुकूम त्याच क्रमाने चालवून तोच डाव आपल्यापाशी मांडतो. म्हणूनच एक अडला की सगळे अडतात. जुन्या खेळात हे हुकूम संगणकांमध्ये थेट फिरतात, दुसऱ्यात ते कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून येतात. दोन खुर्च्यांमधले अंतर कापण्यासाठी आमचे हुकूम परदेशात जाऊन परत मयूर कॉलनीत येत होते.

या वळशाचा फायदा मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. ज्यांनी घरच्या राउटरमधून जुन्या खेळाचा सामना इंटरनेटवर भरवण्यासाठी ६११२ क्रमांकाचा पोर्ट उघडण्याची खटपट केली आहे, त्यांना सर्व्हरमधून जाण्याचे सुख किती मोठे आहे ते ठाऊक असते. इतर बंधनेही काळाच्या ओघात सैल झाली. सुरुवातीला दुसऱ्या खेळाची प्रत जगातल्या एकाच विभागाला बांधलेली असे. आमच्या एका मित्राने अमेरिकेतल्या भावाकडून खेळ मागवला आणि २०१३ च्या सुरुवातीला सर्व विभाग खुले होईपर्यंत तो आमच्याशी एकही डाव खेळू शकला नाही. गप्पांसाठीचे चॅनेल आरंभी नव्हतेच, ते जानेवारी २०११ मध्ये आले. २०१३ मध्ये तुटलेला सामना रिप्लेमधून, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या डावावरून, पुढे चालू करण्याची सोय आली आणि स्पर्धांच्या आयोजकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. (ज्या रोगाने ती गरज निर्माण केली, तो मात्र राहिला.) एका प्रतीवर एकच प्रोफाइल असल्याने दोघा भावंडांची क्रमवारी एकत्र कालवली जाते, ही तक्रार फुकट अकाउंटमुळे आता बोथट झाली. लॅन तेवढे आले नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने दुसऱ्या खेळासाठी यापुढे विक्रीचा नवा मजकूर बनवणार नसल्याचे जाहीर केले, त्यामुळे ते आता येईल अशी आशा धरण्यात फारसा अर्थ दिसत नाही.

आणि सर्व्हर म्हणजे शेवटी कोणाच्या तरी करारावर चाललेले यंत्र असते. चीनमधल्या भागीदाराशी असलेला करार संपला तेव्हा २३ जानेवारी २०२३ रोजी तिथली कंपनीच्या बहुतेक खेळांची सेवा बंद झाली, आणि त्यांत स्टारक्राफ्टही होता. २०२४ पासून काही खेळ तिथे परतू लागले आहेत. आपल्याकडे तसे होईल असे मला सुचवायचे नाही. पण माझ्या कपाटातली १९९८ ची सीडी कोणाच्या करारावर अवलंबून नाही, हे लिहिताना थोडे बरे वाटते.

तेव्हा भाच्याला मी काय सांगितले? त्यांच्यापैकी जो रात्री एकटा खेळणार असेल, ज्याच्याकडे फायबरची बरी जोडणी असेल आणि अनोळखी माणसांशी झुंजण्यात ज्याला रस असेल, त्याने दुसरा खुशाल घ्यावा. मीही तो अधूनमधून उघडतो, विशेषतः दोघांनी मिळून संगणकाशी लढण्याचे त्यातले को-ऑप सामने मला फार आवडतात. जुन्याच्या ऑनलाइन मैदानात नवख्याचे हाल होतात, हेही सांगितले, कारण तिथे उरलेले लोक वीस-वीस वर्षे मुरलेले आहेत. २०१७ च्या रीमास्टर्ड आवृत्तीने प्रतिस्पर्धी जुळवण्याची व्यवस्था आणली, पण मुरलेपणावर तिचा इलाज नाही. चौघांना एकाच खोलीत, एकमेकांच्या तोंडावर हसत खेळायचे असेल तर मात्र माझ्या मते जुनाच बरा. चौघेही सारखेच अडाणी असतील, म्हणजे ड्रॅगूनचा मूर्खपणाही सर्वांच्या वाट्याला सारखाच येईल.

त्यांनी अर्थातच दोन्ही उतरवून घेतले. आठवडाभर दुसराच चालू होता, असे भाचा मला थोड्या विजयी सुरात सांगत होता. मग गुरुवार आला. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही, साताऱ्याहून आलेल्याला लागते. राउटर बंद, स्विचही बंद. तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला, मी कपाटावरची एक केबल काढली आणि त्याच्या लॅपटॉपमधून थेट माझ्या लॅपटॉपमध्ये खोचली. मधे स्विच नाही, सर्व्हर नाही, लॉगिन नाही. माझ्याकडे जुन्या सीडीवरून घातलेली १.१६.१ ही आवृत्ती आहे; वेगवेगळ्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून तीच त्याच्या लॅपटॉपवरही घातली. विंडोज सेव्हनच्या काळात तिचे रंग बिघडून गवत जांभळे दिसत असे आणि ते सरळ करायला मागचा एक्स्प्लोरर बंद करावा लागे, पण लॅनची यादी तिने मला कधी रिकामी दाखवलेली नाही. त्याच्या नावाचा डाव माझ्या पडद्यावर लगेच उमटला. दोन्ही बॅटऱ्या मिळून दोन तास टिकल्या, आणि तेवढ्यात तीन डाव झाले, ज्यांतले दोन मी हरलो.